देवाची उजवी बाजू

आमच्या घरात सगळं होतं, पाणी नव्हतं. मागे आंब्याची कलमं, गोठ्यात गाय, पुढे सारवलेलं खळं, आणि प्यायला तांब्याभर पाणी हवं तर खाली व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत उतरायचं. आमची वाडी कातळावर आहे. रत्नागिरीहून जयगडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना जो काळपट तांबडा सपाट दगड पसरलेला दिसतो, तोच आमच्या दारापर्यंत आलेला आहे. पावसाळ्यानंतर त्यावर रानफुलं येतात. मुंबईचे पाहुणे ती बघून खूष होतात. त्यांना पाणी भरायचं नसतं.

विहीर खाली व्हाळाकाठी, सगळ्या वाडीला मिळून एक. वर यायला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती पाखाडी चढले. त्याचं मला कौतुक नाही आणि दुःखही नाही. सगळ्याच चढत होत्या.

सून आली आणि माझी सुटका झाली. मग तिच्या दुसऱ्या बाळंतपणात पोट फाडावं लागलं. मूल जगलं नाही, ती कशीबशी वाचली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, हिने जड उचलायचं नाही, उचललंत तर परत माझ्याकडे आणू नका. हंडा पुन्हा माझ्या डोक्यावर आला. तोवर माझे गुडघे गेले होते. मग मुलगा पहाटे उठून पाणी भरू लागला. पुरुषमाणूस पाणी भरतो म्हटल्यावर विहिरीवरच्या बायकांना निमित्तच मिळालं. "काय रे, आज भाकऱ्या पन तूच थापनार काय?" असं कुणीतरी रोज विचारायचं. तो तिथे हसायचा. घरी आल्यावर हसायचा नाही.

कोकण रेल्वे सुरू होऊन दोनतीन वर्षं झाली होती, त्यामुळे मुंबई जवळ आली होती. सुनेचा भाऊ दर सणाला यायचा आणि जाताना सांगून जायचा, "भावोजी, कारखान्यात शब्द टाकून ठेवलाय. किती दिवस हंडे वाहनार?" शेवटी एका शिमग्याला मुलाने सांगून टाकलं. घरामागे विहीर खणून बघू. पाणी लागलं तर राहू. नाही लागलं तर यंदाचा आंबा उतरवायचा, घराला कुलूप लावायचं आणि मुंबईला जायचं.

"तू पन चलायचं, आये," तो मला म्हणाला.

"आनि गाय?"

"गाय इकायची."

"मग मला पन इक," मी म्हटलं.

मी येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मी एकटी मागे राहिले तर काय होईल हेही ठाऊक होतं. वाडीत कुलूप लागलेली घरं होतीच. दोन पावसाळे गेले की अशा घराचं काय होतं ते मी बघत होते. आधी ओटीवर गवत येतं, मग वाळवी चौकटीला लागते, मग गणपतीला आलेली माणसं नातेवाइकांकडे उतरतात. तेव्हा आमच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. पाणी लागणं, नाहीतर मी आणि भिंती.

नात त्या वर्षी दुसरीत होती. तिला यातली कसलीच काळजी नव्हती. पाणी लागणार हे ती धरूनच चालली होती.

आधी पाणाडी आला, म्हणजे पाणी कुठे आहे ते सांगणारा. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि घराभोवती फिरू लागला. गोठ्यामागच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. मला त्यात नवल वाटलं नाही. तळहात जरा वाकडा केला की नारळ काय, वरवंटाही उभा राहील. नातीचे मात्र डोळे एवढाले झाले. त्यानंतर ती हातावर नारळ घेऊन घरभर फिरत असे. तिला चुलीखाली पाणी सापडलं, गायीखाली सापडलं, मी जेवायला बसले होते तिथेही सापडलं.

"आजी, सरक. तुझ्याखाली झरा हाय."

"जेवू दे, मग सरकते."

विहीर खणायला घाटावरची माणसं आली. वरचा जांभा दगड सोपा गेला. त्याचे चांगले चिरे निघाले. पुढे दगड टणक झाला, आणि मग ओला व्हायचा सोडून काळा झाला. पहार मारली की ठिणगी उडे. सुरुंग लावावे लागले. रोज संध्याकाळी मुलगा काठावर बसून खाली बघत राही.

शाळा सुटली की नात दप्तर टाकून सरळ तिकडे. काठावर जायची तिला बंदी होती, म्हणून ती लांब कातळावर पालथी पडायची, कान दगडाला लावून. खणणारे तिची थट्टा करायचे.

"काय गं, काय म्हनतंय पानी?"

"वर यायला वाट शोधतंय."

"त्याला म्हनावं, लवकर ये. आमची बिऱ्हाडं हलायची हायेत."

ती खरंच तोंड दगडाजवळ नेऊन तसं सांगायची.

एकदा मी तिला म्हटलं, "अगो, दगडात पानीच नसलं तर येनार कुठून?"

"देव घालील."

"देवाला दुसरे उद्योग नाहीत काय?"

तिने विचार केला. "नसतील. तो तर देवळातच असतो."

मी तिला गप्प केलं नाही. पण पाणी नाही लागलं म्हणजे हिचं काय होणार, असं मनात आलंच. मोठ्या माणसांची आशा थोडी थोडी करून जाते, त्यामुळे मनाला लागत नाही. पोरांची एकदम जाते.

एका रविवारी सकाळी मुकादमाने काम थांबवलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मावशी, मला फुडच्या गावाला बोलावनं हाय. दुपारपातूर सांगा. आजून एक थर उडवायचा का सामान टेम्पोत भरायचं? मला इचाराल तर हितं पानी न्हाई."

मुलाने माझ्याकडे बघितलं. "आये, देवळात जा. कौल लावून ये."

आमच्याकडे घर बांधायचं, मुलगी द्यायची, जुनं झाड तोडायचं, तर देवाला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. विहीर सुरू करताना मात्र मुलाने पाणाड्यावरच भागवलं होतं. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. देवाच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होय. डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. त्यापुढे वाद नाही. कौल मोडलेला माणूस मी आमच्या वाडीत पाहिला नव्हता.

मला जायचं नव्हतं. माझा नवरा तापाने पडला होता तेव्हा ओल्या लुगड्याने मीच कौल लावायला गेले होते. उजवा मिळाला. गुरव म्हणाला, उतार पडेल. त्याच आठवड्यात नवरा गेला. मी देवावर रागावले नाही. रागवायला समोर उलट बोलणारं माणूस लागतं. पण तेव्हापासून मी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. संध्याकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे आणि कामाला लागायचे. आमचं दोघांचं तेवढंच बोलणं उरलं होतं. तरीही गेले, कारण मुलाने सांगितलं. आणि तो सांगताना जे तोंड करून उभा होता ते मला बघवत नव्हतं.

नात बरोबर आली. वाटेत तिची तोंडाची टकळी चालूच होती.

"आजी, देव कळी हाताने पाडतो की फुंकर मारतो?"

"मला काय ठाऊक."

"फुंकरच मारत असंल. हात तर दगडाचे हायत."

"तोंड पन दगडाचंच हाय," मी म्हटलं. त्यावर ती देवळापर्यंत स्वतःच्या तळहातावर फुंकर मारून बघत होती. तिला ते कोडं पडलं असावं.

गुरव माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा. मला बघून म्हणाला, "काय वयनी, आज इकडं वाट चुकलात?"

"लेकाने पाठवलंय. विहिरीचं विचारायचं हाय."

त्याने तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या, देवाच्या खांद्यांना लावल्या आणि एका दमात गाऱ्हाणं घातलं. बारा पाचाच्या देवा, ही तुझी लेकरं, यांनी घराच्या मागच्या अंगाला विहीर काढायला घेतली हाय, पुढं खणायची असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे, आणि काय चुकलं माकलं असंल तर पदरात घे. प्रत्येक वाक्यानंतर आपण "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मी पुटपुटले. नात एवढ्या मोठ्याने म्हणाली की वरची पाखरं उडाली.

गुरवाचं संपलं तसं हिचं सुरू झालं. कुणी सांगितलं नव्हतं.

"देवा, पानी दे. नायतर आमाला मुंबईला जावं लागंल आनि आजी एकटी ऱ्हाईल. मग ती भांडनार कुनाशी? आमच्याशीच भांडते ती. आनि आईच्या पोटात दुखतं. आनि थोडंसं नको, पोहता येईल एवढं दे."

गुरवाने डोळे वटारले. गाऱ्हाणं गुरवाने घालायचं असतं, पोरांनी नाही. पण बोलून झालं होतं.

मग आम्ही उभे राहिलो. देवळात असं गप्प उभं राहिलं की समईची वात जळल्याचाही आवाज येतो. नात हात जोडून अगदी देवासमोर, मी तिच्या मागे. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक कळी सुटली आणि खाली पडली.

ती आमच्या उजव्या हाताला पडली. म्हणजे देवाच्या डाव्या खांद्यावरची. देव आमच्याकडे तोंड करून असतो, त्याचा डावा तो आमचा उजवा. हे आमच्या वाडीत कुणाला सांगावं लागत नाही.

डावा कौल आला की गुरव तोंडाने बोलत नाही. ती त्याची रीत. त्याने मान खाली घातली आणि तीर्थाची पळी पुढे केली. मी तीर्थ घेतलं आणि म्हटलं, "परत एकदा लावा."

"तसं नाय करता येत, वयनी. एका गोष्टीला एकदाच."

"मागल्या टायमाला उजवा दिलात, त्याचं काय झालं ते ठाऊक हाय ना?"

"मी दिला नाय. देवानं दिला."

"मग त्याला विचारा ना परत."

"वयनी, तो काय दुकानदार हाय?"

आमची अशी बोलाचाली झाली. तो चुकत नव्हता, मलाही ते कळत होतं, पण पाय निघत नव्हता. कारण परत जाऊन मुलाला सांगायचं मलाच होतं. शेवटी मी वळले तर नात नव्हती.

"पोर कुठं गेली?"

"ती मगाशीच पळाली," गुरव म्हणाला.

मी माझ्या गुडघ्यांनी जमेल तसं घरी आले. लांबूनच पहारीचा आवाज येत होता. आत सुरुंगाची भोकं पाडायचं काम चाललं होतं. मुलगा स्वतः विहिरीत उतरलेला, घामाने निथळत होता आणि मुकादमाशी काहीतरी बोलून हसत होता. शिमग्यानंतर तो पहिल्यांदा हसलेला मी पाहिला. सून पदर खोचून काठाशी उभी. नात तिच्या हाताला लोंबकळत होती.

"आजी, मी सांगितलं सगळ्यांना! उजवा आला!"

मला झालं ते कळायला वेळ लागला नाही. गुरव बोलला नाही, आणि हिने आपल्या हाताने उजवं डावं बघितलं. मी काठाशी गेले आणि खाली ओरडले, "वर ये. कौल डावा हाय."

पहार थांबली. मुलगा वर आला. मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे.

"खोटं बोललीस?"

"नाय बाबा! कळी हिकडं पडली." तिने उजवा हात वर केला.

मी तिला समजावलं. "अगो, देव आपल्या समोर असतो. त्याचा उजवा वेगळा, आपला वेगळा. बघ, मी तुझ्यासमोर उभी ऱ्हाते. माझा उजवा हा."

तिने बघितलं. तिला ते लगेच कळलं, हुशार आहे. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. ती माझ्यावरच चिडली.

"पन आमच्या बाई कवायतीला समोर उभ्या ऱ्हातात ना, तेव्हा उजवा हात वर म्हनतात आनि सोताचा डावा वर करतात. आमाला कळावं म्हनून. मग आमी बघून बरोबर करतो. बाईंना कळतं, आनि देवाला कळत नाय?"

मुकादम हसला आणि मग हसायचा थांबला.

"विचारलं कुनी? मी विचारलं," ती म्हणाली. "मला कुठला उजवा दिसतो ते त्याला ठाऊक हाय. मला कळंल असंच सांगनार ना तो."

माझी शाळा चौथीपर्यंत. त्या चार वर्षांत आम्हालाही कवायत होती, आणि आमचे गुरुजीही समोर उभे राहून असंच करायचे. ते मला तेव्हा आठवलं. तोवर कधी आठवलं नव्हतं. आमच्या अख्ख्या वाडीत देव कोणत्या अंगाने बोलतो हे ठरलेलं होतं, आणि ते ठरवलं कुणी हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आये," मुलगा म्हणाला, "तू सांगशील तसं."

हे त्याने माझ्यावर टाकलं याचा मला त्या वेळी राग आला. कौल मोडला तर पुढे त्या घरात जे काही वाईट होईल, ताप येवो, गाय आटो, ते सगळं या दिवसाच्या खात्यावर जाणार होतं. वाडीतली माणसं ते विसरू देत नाहीत. कौल पाळला तर कुलूप. मी पोरीकडे बघितलं नाही. तिचं तोंड बघून ठरवलं असं मला नंतर वाटायला नको होतं. तिचं बोलणं मी मनात उलटं सुलटं करून पाहिलं. मला त्यात चूक सापडली नाही. एवढंच कारण. भक्ती वगैरे माझ्या मनात तेव्हा काही नव्हती.

"उडव," मी म्हटलं. "कुनी विचारलं तर आयेनं सांगितलं म्हन."

सुरुंग उडाला. आम्ही गोठ्यात गायीला धरून बसलो होतो. धूर निवळल्यावर सगळे काठाशी धावले. खाली फुटलेला काळा दगड होता, कोरडा, धुरकट. दगड वर काढून झाले तरी कोरडाच. मुकादमाने हाताने तळ चाचपला आणि वर येऊन मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. दिवस मावळायच्या आत त्यांचा टेम्पो गेला.

नात म्हणाली, "पानी घाबरलं असंल. केवढा मोठा आवाज केलात."



पुढचे दिवस वाईट गेले. गुरवाने कुणाला सांगितलं नसेल, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. धुणं घेऊन खालच्या विहिरीवर गेले की बायका मला बघून बोलायच्या थांबत. एक तोंडावरच म्हणाली, "म्हातारपनी देवाशी खेळ करू नये हो." मी म्हटलं, "तरुनपनी केला असता, पन रांगेत तुमीच सगळ्या पुढं होतात." ते बोलून मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. घरी सून जुनी लुगडी फाडून भांड्यांभोवती गुंडाळायला लागली होती. मुंबईला न्यायची भांडी एका बाजूला, माझ्यासाठी ठेवायची दुसऱ्या बाजूला. माझ्या बाजूला एक तवा, एक टोप आणि दोन ताटं होती. दुसरं ताट कुणाला, असं मी विचारलं नाही.

मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मीच स्वतःला म्हणत होते, डावा तो डावाच. पोरीच्या बोलण्याला भुललीस.

पोर मात्र तशीच. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी गोठ्यामागे जायची. काठाला आता बांबू आडवे बांधले होते, त्यांवर ओणवी होऊन खाली बघायची आणि परत यायची. "नाय अजून," एवढंच सांगायची. दूधवाला आला नाही असं सांगावं तसं. मला तिची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. मी तिच्याएवढी असताना अशी होते काय, ते मला आठवेना.

एका सकाळी मी गायीचं दूध काढत होते. ती धावत आली.

"आजी, चल लवकर. विहिरीत आभाळ पडलंय!"

"थांब, दूध सांडंल."

"अगो चल ना! खाली आभाळ हाय. ढग पन हाय एक."

मी चरवी बाजूला ठेवली आणि गेले. बांबूला धरून खाली वाकले. खाली काळोख असायचा तिथे निळा तुकडा होता. त्यात पांढरा ढग होता, आणि दोन डोकी आमच्याकडे वर बघत होती, एक पिकलेलं आणि एक दोन वेण्यांचं. नातीने एक खडा टाकला. आभाळ हललं, डोकी मोडली आणि पुन्हा जुळली.

मी मुलाला हाक मारली. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, तो अर्धी दाढी केलेली तशीच ठेवून धावत आला. तो उतरला, ओंजळीत पाणी घेतलं, प्यायला, आणि खालीच उभा राहिला. गुडघ्याच्याही खाली पाणी, पण पाणी. सून आली, तिने बघितलं आणि जमिनीवर बसली. मग उठून घरात गेली. थोड्या वेळाने भांडी फडताळात लावल्याचा आवाज येऊ लागला.

मुलाचं म्हणणं, शेवटच्या सुरुंगाने एक चीर उघडली, आणि पाणी झिरपत यायला दिवस लागले. मुकादमाला निरोप गेला तेव्हा तोही तसंच म्हणाला. असेल. मी त्यावर वाद घालत नाही. पोहता येईल एवढं पाणी आलं नाही. नातीने त्याबद्दल थोडी तक्रार केली, मग सोडून दिली. वैशाखात तळ दिसेल असं वाटलं होतं, पण दिसला नाही. जपून वापरलं तर आम्हाला आणि गायीला पुरलं. सुनेला रहाट ओढायचा नव्हता, तो मी ओढायचे. बसल्या जागी ओढता येतो.

मी मात्र आत अडकून राहिले. एकदा उजवा आला आणि माझं माणूस गेलं. एकदा डावा आला आणि पाणी लागलं. तेव्हा कौल खोटा म्हणावा तर सरळ होतं. पण पोरीच्या हिशेबाने तिचा कौल उजवाच होता, आणि तो खरा ठरला. मग माझ्या वेळी मी कुठे उभी होते? काय विचारलं होतं? रहाट ओढताना हे डोक्यात फिरायचं. मला उत्तर सापडलं नाही. एक मात्र कळलं. मी विचारायला गेले होते तेव्हा घाबरून गेले होते. ही गेली ती घरातल्या माणसाकडे जावं तशी. उत्तर काय येतं ते वेगळं, पण जाण्यात फरक होता.

काही दिवसांनी गुरव स्वतः घरी आला. सुनेने त्याला आमच्या विहिरीचंच पाणी दिलं. तो प्यायला आणि म्हणाला, "गोड हाय."

"हाय ना."

"वयनी, पानी लागलं ते चांगलं झालं. पन कौल मोडलात. देवाला नारळ द्या."

मी त्याला पोरीचं म्हणणं सांगितलं, कवायतीच्या बाईंसकट. तो ऐकून घेत होता. मग वैतागला.

"उद्या वाडीतली सगळी पोरं आपापला उजवा घेऊन येतील. मग मी कळ्या लावायच्या कशाला?"

त्याचंही खरं होतं. मी म्हटलं, "नारळ देते."

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन गेले. गुरवाने नारळ हातात घेतला आणि थांबला. गाऱ्हाण्यात सांगावं लागतं ना, नारळ कशाचा ते.

"माफीचा म्हनून सांगू, की आनंदाचा?"

"पान्याचा म्हनून सांगा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि तसंच सांगितलं. नारळ फोडला, खोबऱ्याची एक वाटी माझ्या हातात दिली. मी हात जोडून उभी राहिले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. पोर चुळबुळ करू लागली तेव्हा निघाले.

बाहेर आल्यावर तिने खोबऱ्याचा तुकडा दाताने काढत विचारलं, "आजी, एवढा वेळ काय मागत होतीस?"

"मोठं मानूस काय मागतंय ते विचारू नये."

"कठीन हाय काय?"

"हाय."

"मग दोनदा सांग त्याला," ती म्हणाली आणि खोबरं चघळत पुढे धावली.

मी खरंच वळले, पायरीवरूनच पुन्हा एकदा सांगितलं, आणि मग घरी आले. काय मागितलं ते लिहीत नाही. अजून मिळालेलं नाही. मी वाट बघते आहे.